ए साइड

आधी कूलरचा आवाज येऊ दे. बाकीचं त्याच्या मागोमाग येईल.

पत्र्याची निळी पेटी खिडकीला टेकवून ठेवलेली. आत पंखा फिरतोय, तळातली छोटी मोटर पाणी वर चढवतेय आणि ते तिन्ही बाजूंच्या गवतावरून ठिबकत पुन्हा तळात उतरतंय. गवत याच उन्हाळ्यात बदललेलं आहे, म्हणून खोलीभर ओल्या रानाचा वास आहे. पंखा मधूनच कुठंतरी खट् करतो. तू शहाबादी फरशीवर पालथी पडली आहेस, गाल फरशीला लावून. वारा आधी पायांना लागतो, मग पाठीला, मग मानेला. मान गार झाली की समजायचं, पोचलीस.

नांदेड. गाडीपुऱ्यातलं आजीचं घर. मे १९९९. तू अकरा वर्षांची आहेस.

बाहेर जायचं नाही. दुपारी बारा ते पाच गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. पारा ४३-४४ वर, आणि आजीला पारा बघावा लागत नाही. अंगणातल्या दगडी पायरीवर पाण्याचे चार थेंब टाकून ते किती वेळात उडतात यावरून ती दिवस मोजते. दाराला ओलं पोतं लावलंय. माठाला ओलं फडकं गुंडाळलंय. या घरात गारवा करावा लागतो, आपोआप येत नाही, आणि तो करायला पाणी लागतं. कूलरचं पाणी आडाचं. आडही खाली गेलाय, पोहरा सोडला की दोर बराच वेळ सरसरत राहतो. पण निदान सोडता तरी येतो.

कारण लातूरला तुमच्या घरी कूलर माळ्यावर आहे. चादरीत गुंडाळून ठेवलेला. बाबांनी एकदाच सांगितलं होतं, प्यायला पुरलं तर कूलरला घालू, आणि त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. म्हणून तुझ्यासाठी आजोळ म्हणजे आंबे नाहीत, गोष्टी नाहीत. आजोळ म्हणजे हा वारा.

इथवर यायला काल चार तास लागले, तेही आठवून घे. लातूरच्या बसस्थानकातून निघालेली लाल एसटी. रेक्झिनच्या सीटवर मांड्या चिकटतायत, खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नाही. चाकूर, शिरूर ताजबंद. अहमदपूरला गाडी थांबली आणि आईनं रसवंतीवरचा अर्धा-अर्धा ग्लास रस घेतला, तुला एक आणि तिला एक, बर्फ न घालता. मग माळाकोळी, लोहा, दोन्ही बाजूंना काळीभोर नांगरट, ढेकळं आभाळाकडं तोंड करून पडलेली. विष्णुपुरीला विद्यापीठाची कमान गेली. लातूर फाटा आला. आणि मग पूल. पुलावर गाडी आली की आख्खी एसटी एका बाजूला कलायची, कारण सगळ्यांना गोदावरी बघायची असायची. तू पण उभी राहिलीस. मेमधली गोदावरी, तिच्यात वाळूच जास्त. तरी पाणी होतं. लातूरच्या मुलीला वाहतं पाणी म्हणजे अप्रूप. बाईंनी वर्गात मांजरा नदी शिकवली तेव्हा तू विचारलं होतंस, ती कुठंय, आणि बाईंनी नकाशावर बोट ठेवलं होतं.

तर, फरशीवरून मान वर कर. कोपऱ्यात टेबल आहे, टेबलावर विणलेला रुमाल, रुमालावर टू-इन-वन. त्याच्यासमोर मांडी घालून मावशी बसलीय.

मावशी तुझ्या आईहून चौदा वर्षांनी लहान, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचाय, आणि घरात दर रविवारी कुणी ना कुणी तिला ‘बघायला’ येतं. या दोन्ही गोष्टींवर ती बोलत नाही. ती कॅसेट ऐकते. वजिराबादमधल्या एका दुकानातून भरून आणलेली साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटं ए साइड, तीस मिनिटं बी. त्या काळी असंच असायचं: वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट विकत घ्यायची, दुकानात देऊन यायची आणि दोन दिवसांनी ‘भरून’ आणायची. बी साइडवर हिंदी आहे, अलिशाचं ‘मेड इन इंडिया’, लकी अलीचं ‘ओ सनम’, जे सगळ्यांच्याच कॅसेटवर आहे. ए साइडच्या पट्टीवर मात्र निळ्या स्केचपेननं, मावशीच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: गारवा.

तुला वाटलं होतं, कूलरच्या खोलीत ठेवायची म्हणून तसं लिहिलंय.

प्ले दाब. गाणं सुरू होत नाही. आधी एक माणूस बोलायला लागतो. जाडसर, सावकाश आवाज, जरा थकलेला, घरात येऊन ओसरीवर टेकल्यासारखा. तो उन्हाबद्दल बोलतो. गाणं आहे म्हणून ऐकायला बसावं आणि कुणीतरी आपल्याशी बोलायला लागावं, हे तुला इतकं नवीन आहे की तू उठून बसतेस.

आजी दारातून आत डोकावते. हातात सूप.

‘हा बाबा बोलूलालाय का गाऊलालाय गं?’

‘आधी बोलतो, मग दुसरा गातो,’ मावशी म्हणते.

आजी सूप तसंच धरून ऐकते. कविता उन्हातून पुढं सरकते तसं तिचं डोकं हलतं. ‘उन्हाचं ठाऊक आहे की त्याला,’ ती म्हणते आणि ज्वारी निवडायला जाते.

बोलणारा माणूस सौमित्र. खरं नाव किशोर कदम. गाणारा आणि चाल लावणारा मिलिंद इंगळे. ‘गारवा’ बाजारात आला १९९८ मध्ये, आणि मराठी घरांत तेव्हा अशा गाण्याला बसायला जागाच नव्हती. भावगीतं होती, पण ती रेडिओवरची, आईबाबांची. सिनेमातली गाणी होती, भजनं होती, लग्नातल्या बँडवरची होती. पॉप म्हणजे हिंदी, केबलवरचं, टीव्हीत दिसणारं, चकचकीत कपड्यातलं. मराठीत, सिनेमाशिवाय, नायक-नायिकेशिवाय, नुसता एक कवी आणि एक गवई मिळून तुमच्या खोलीत येतात आणि तुमच्याच भाषेत हवापाण्याबद्दल बोलतात, हे तुझ्या मावशीच्या वयाच्या मुलामुलींना पहिल्यांदाच मिळत होतं. तिनं ते कुठं ऐकलं होतं, कुणाकडं, हे तिनं तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं होतंस. तिनं आवाज वाढवला होता.

सगळे त्याला पावसाचं गाणं म्हणतात. पुण्यामुंबईकडं पहिली सर आली की लावतात. असेलही. पण कविता उन्हानं सुरू होते, आणि तो पहिला भाग मराठवाड्याचा आहे, असं मला मनापासून वाटतं. पाऊस येईल हे समजून उन्हाचं ऐकणं वेगळं. तो येईल की नाही याची खात्री नसताना ऐकणं वेगळं. तू तेव्हा असं काही म्हणू शकत नव्हतीस. तुला एवढंच कळत होतं की तो माणूस बोलायला लागला की तुझ्या डोळ्यांसमोर चाकूरच्या पुढची ढेकळं येतात.

आता तारीख नीट लक्षात घे. २३ मे १९९९, रविवार.

इंग्लंडात वर्ल्डकप चाललाय. आज ब्रिस्टलला केनियाशी मॅच. चार दिवसांपूर्वी, १९ मेला, सचिनचे वडील गेले. रमेश तेंडुलकर, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मामाच्या कपाटात कवितांची पुस्तकं आहेत आणि वडील गेल्याची बातमी आली तेव्हा मामा म्हणाला होता, सचिनचे वडील असं कामून म्हणायचं, कवी गेला म्हणा की. सचिन घरी येऊन, सगळं आटोपून परत गेलाय आणि आज खेळतोय. बाहेरच्या खोलीत मामा, मामाचे दोन मित्र, शेजारचे काका, गल्लीतली सात-आठ पोरं. आई दाराला टेकून उभी आहे. तिला क्रिकेट कळत नाही, पण वडील गेलेला मुलगा कळतो.

आतल्या खोलीत तू आणि मावशी. सकाळी तिला बघून गेलेले लोक काहीच न बोलता गेले, म्हणून तिनं दार लोटून घेतलंय. ती ए साइड पहिल्यापासून लावायला सांगते. बटणं दाबायचं काम तुझं आहे, तुला त्याचा केवढा मान वाटतो. कवितेचं बोलणं चाललंय. ऊन, ऊन, ऊन. आता बोलणं संपेल आणि सूर उचलेल, त्या जागेची तू वाट बघतेस, दर वेळी बघतेस, कूलरचा वारा पायांवरून मानेपर्यंत येण्याची बघतेस तशी.

आणि बाहेर एकदम आरडाओरडा होतो. शंभर झाले.

तू स्टॉप दाबतेस. पळतेस. मोठ्यांच्या कमरांमधून वाट काढत टीव्हीपर्यंत पोचतेस, आणि सचिन आभाळाकडं बघतोय. हेल्मेट काढून, बॅट वर करून, मान मागे टाकून. खोलीत एकदम कुणी बोलेना. मामा चष्मा पुसतोय. (त्या दिवशी तो १४० वर नाबाद राहिला, द्रविड १०४ वर, भारत २ बाद ३२९. हे आकडे तू पुढं पाठ केलेस. तेव्हा तुला फक्त ते वर बघणं दिसलं.)

मग तू परत पळत येतेस. मावशीला सांगायचंय, पण आधी गाणं लावायचंय, कारण ते नेमक्या जागी थांबलंय. तू टेपकडं न बघता बोट ठेवतेस आणि दाबतेस.

लाल बटण. ते एकटं दाबलं तरी त्याच्या ओढीनं शेजारचं प्लेचं बटणही खाली जातं. चाकं फिरायला लागतात. आवाज येत नाही. तू वाकून बघतेस, चाकं तर फिरतायत. तुझं तोंड उघडं. कूलर चालू. बाहेर टाळ्या. आणि अंगणातून आजीचा आवाज, सगळ्या टाळ्यांच्या वरून:

‘नळ आले गं! नळ आले! घागरी आणा, उठा की!’

तिलाच कसं कळायचं, हे त्या घरातलं कोडं होतं. नळ यायच्या आधी तोटीतून हवा सुटते, फुस्स करत, सापासारखी. घरात वीस माणसं बोलत असली तरी आजीला ती हवा ऐकू यायची. ती म्हणायची, हवा आली की पाणी मागंच असतं, तोटी बंद करायची नाही. सारा देश ब्रिस्टलकडं बघत असताना ती एकटी तोटीकडं कान लावून बसली होती. आडाचं पाणी सांडायला, प्यायला नळाचंच. नळ पाऊण तास राहणार. त्यात दोन रांजण, सहा घागरी, पिंप.

घागर फरशीवर आपटल्याचा आवाज. आणि मावशी, जिला काय झालंय ते आत्ता कळतंय:

‘अगं…’

तिनं स्टॉप दाबलं. नऊ सेकंद झाले होते.

बाजारातल्या कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांत खाचा असतात, तिथली पट्टी मोडलेली असते, म्हणून तिच्यावर चुकून काही भरलं जात नाही. भरून आणलेल्या कॅसेटची पट्टी शाबूत असते. हे तुला त्या संध्याकाळी समजलं. पाणी भरून झाल्यावर, अंधार पडल्यावर. तोवर तू न्हाणीघराच्या मागे बसून रडत होतीस. आजीनं विचारलं, ‘कामून रडूलालीस लेकरा? सचिन बाद झाला काय?’

मावशी रागावली नाही. तिनं तुला आत नेलं, कॅसेट थोडी मागे घेतली आणि प्ले दाबलं. ऊन. बोलणाऱ्या माणसाचा तो सावकाश आवाज, शेवटच्या ओळीपाशी आला. आणि जिथं सूर उचलायचा, तिथं खर्रर्र झालं, कूलर आला, लांबच्या टाळ्या आल्या आणि आजी आली. नळ आले गं, नळ आले. घागर. अगं… मग मध्येच तोडल्यासारखं पुढचं गाणं.

आजी दारात उभी होती. आपला आवाज तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ‘मी अशी ओरडते?’ ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ‘पुन्हा लाव.’ तिनं पाच वेळा लावायला सांगितलं. पाचव्या वेळी मावशीही हसत होती, सकाळपासून पहिल्यांदा. मग तिनं मामाच्या पेटीतून पेचकस आणला आणि कॅसेटच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पट्ट्या मोडून टाकल्या.

‘आता कुणाला यावर काही भरता येणार नाही,’ ती म्हणाली. ‘आता हे असंच.’

तेव्हा तुला ती शिक्षा वाटली होती.

रात्री वर चल. घराला अर्धं माळवद आहे, अर्ध्यावर स्लॅब. अंथरुणं स्लॅबवरच घालायची, हा आईचा नियम. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलंय, तिच्यातून अजून वाफ निघतेय. माळवदाखाली झोपायला तू तयार नसतेस, आणि घरात कुणी तुला हसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला तू पाच वर्षांची होतीस. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर शहरात तुमची भांडी पडली आणि बाबांनी तुला उचलून रस्त्यावर आणलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भिंतीच पडल्या. दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच बांधत आले होते. ज्या भिंती गारवा द्यायच्या, त्याच माणसांवर आल्या. हजारो माणसं झोपेत गेली. त्यानंतर कित्येक महिने तुमची आख्खी गल्ली उघड्यावर झोपायची, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी किती तापतं हे मराठवाड्याला नव्यानं शिकावं लागलं. गार घर की हलकं घर, असं निवडायची वेळ आली होती. मुंबईत वाढलेल्या कवीनं गारवा हा शब्द लिहिला तेव्हा त्याच्या मनात हे असायचं काही कारण नव्हतं. पण शब्द एकदा गावात आला की गावातलं सगळं त्याला चिकटतं.

गच्चीवर चांदण्या भरपूर आहेत. मावशी तुझ्या शेजारी. ती ते गाणं हळू गुणगुणतेय आणि नेमक्या जागी थांबून, आजीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणते, नळ आले गं. तुम्ही दोघी उशीत तोंड खुपसून हसता. पलीकडं सचखंड गुरुद्वाऱ्याचे दिवे दिसतात. रात्री उशिरा तिथला गागरिया सिंघ गोदावरीवर जातो आणि गुरुद्वाऱ्यासाठी पाण्याची गागर भरून आणतो. शेकडो वर्षांचा नेम आहे, एक दिवस चुकत नाही, असं आजी सांगते. म्हणजे या गावात मध्यरात्रीही कुणीतरी पाणी भरत असतं, हे ऐकून तुला बरं वाटतं आणि झोप लागते.

इथून पुढं भराभर चल. जूनमध्ये मिरग निघाला, शाळेसाठी तुम्ही लातूरला परतलात आणि पाऊस नांदेडला तुझ्यामागून आला. तुला सापडला नाही. पुढच्या वर्षी मावशीचं लग्न झालं, उदगीरला. टू-इन-वन आजीकडं राहिला, कॅसेट मावशीबरोबर गेली. तिथल्या टेपात एकदा रीळ गुंतली. तिनं ती पेन्सिलीनं गुंडाळून घेतली, पण तपकिरी फितीला सुरकुत्या पडल्या त्या पडल्याच. आजी २००७ च्या हिवाळ्यात गेली. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं झाली, त्या आधी नांदेडचे रस्ते रुंद झाले, पूल झाले, गावाचा चेहरा बदलला. वाडा विकला गेला. जिथं गच्ची होती त्या उंचीवर आता कुणाचा तरी पहिला मजला आहे.

आणि तो बोलणारा माणूस एकदा तुला दिसला. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. त्यातला जब्याचा बाप, कचरू माने, उन्हातान्हात डुकरामागं धावणारा, घामानं निथळलेला. तो बोलला आणि थिएटरच्या अंधारात तुझ्या पायांना वारा लागला. शेजारी नवरा होता. तू त्याच्या कानात म्हणालीस, हा आमच्या कूलरच्या खोलीतला माणूस. त्याला समजलं नाही. समजावून सांगायला तुला आजीपासून सुरुवात करावी लागली असती.

एप्रिल २०१६ मध्ये जरा थांब.

लातूर. मांजरा धरण कोरडं पडलंय. धनेगावला धरणाचा तळ भेगाळलाय, त्याचे फोटो इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेत. नळ बंद होऊन महिने झालेत. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, कलम १४४. टँकरपुढं घागरींची रांग आहे, घागरींना दोरीनं एकमेकींशी बांधून ठेवलंय, आणि काहींवर नेलपॉलिशनं नावं लिहिलीयत. तू रांगेत आहेस. कडेवर दीड वर्षांची लेक. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या कुठल्या रस्त्यानं आज टँकर येईल यावर बायका बोलतायत. १२ तारखेला पहाटे मिरजेहून रेल्वे आली. कृष्णेचं पाणी, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तिचं नाव ‘जलदूत’. स्टेशनावर लोक गाडी बघायला गेले, तशी तू एसटीच्या खिडकीतून गोदावरी बघायचीस. लेक उन्हानं किरकिर करत होती. तिला थोपटताना तुझ्या तोंडून काय आलं? ओव्या येत नव्हत्या. आलं ते गाणं. ते गाताना नेमक्या जागी तू थांबलीस, आणि म्हणायचं ते म्हणाली नाहीस. त्या रांगेत ते शब्द मोठ्यानं म्हणणं बरोबर नव्हतं. पन्नास बाया घागरी घेऊन घराकडं पळाल्या असत्या.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. लोक धरणावर ओटी घेऊन गेले.

आता आजच्या दिवसावर ये. लातूर, जूनचा पहिला आठवडा, संध्याकाळचे सहा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन ठेवलाय, एक गाणं संपलं की तो स्वतःहून दुसरं लावतो. तू कणीक मळतेयस. बाहेरच्या खोलीत कूलर आहे. तो आता प्लॅस्टिकचा आहे आणि पंखा खट् करत नाही. लेक दहा वर्षांची आहे, खिडकीत चित्र काढत बसलीय. नळ आज येणार की उद्या, हे गल्लीत कुणालाच नक्की माहीत नाही.

आणि फोनमधून तो माणूस बोलायला लागतो.

तुझे हात परातीत थांबतात. कितीदा ऐकलंस तू हे, या फोनवर, गाडीत, लग्नाच्या हॉलमध्ये. दर वेळी आवाज स्वच्छ असतो, खरखर नाही, सुरकुत्या नाहीत. ऊन सरतं, बोलणं शेवटच्या ओळीपाशी येतं, आणि मग सूर उचलतो. मध्ये काही नाही. एक श्वासभरही जागा नाही. जगातल्या सगळ्यांसाठी ते गाणं असंच आहे, उन्हातून सरळ पावसात जाणारं. मावशीला तू मागच्या दिवाळीत विचारलंस, ती कॅसेट आहे का गं. ती म्हणाली, हौ, आहे की, पण लावायला टेप कुठंय? मग थोडा वेळ थांबून म्हणाली, मला लावायची गरज पडत नाही.

आज सूर उचलायच्या आत तुझ्या तोंडून निघून जातं. ठरवून नाही. आणि हळूही नाही.

‘नळ आले गं! नळ आले!’

खिडकीतून रंगपेटी खाली पडते. लेक उठून मागच्या दाराकडं पळाली आहे, चपला न घालता. तोटी फिरवल्याचा आवाज येतो.

‘आई, कुठं आलेत? नुसती हवा येतेय!’

‘हवा येतेय?’

‘हौ. फुस्स करूलालीय.’

‘तोटी बंद करू नकोस,’ तू म्हणतेस, आणि कणकेच्या हातानंच बादली उचलतेस.